राजा एकेरीवर आला

परिषदेचा विषय होता सामाजिक एकोपा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात तो कुठे दिसणार नाही.

१० नोव्हेंबर २००७, शनिवार, चिलीची राजधानी सांतियागो. स्पेन, पोर्तुगाल, अँडोरा आणि अमेरिका खंडातले स्पॅनिश-पोर्तुगीज बोलणारे देश मिळून भरवतात त्या शिखर परिषदेचा समारोपाचा दिवस. अध्यक्षस्थानी चिलीच्या राष्ट्राध्यक्ष मिशेल बाचेलेत. स्पेनचे पंतप्रधान झापातेरो बोलतायत, व्हेनेझुएलाचे राष्ट्राध्यक्ष ह्यूगो चावेझ त्यांचं बोलणं सारखं तोडतायत, आणि झापातेरोंच्या शेजारी बसलेले स्पेनचे राजे हुआन कार्लोस एकदम पुढे वाकून, हात हलवत चावेझना म्हणतात, "पोर के नो ते कायास?"

पाच शब्द. शब्दाला शब्द ठेवला तर, 'तू गप्प का बसत नाहीस?'

मी स्पॅनिश शिकवतो. दुसऱ्या पातळीच्या वर्गात, स्पॅनिशमध्ये रागवायचं कसं हे शिकवायची वेळ आली की ही चित्रफीत लावतो. मुलं हसतात, पुन्हा लावा म्हणतात. मग मी विचारतो, यात सगळ्यांत उद्धट कोण? बहुतेक बोटं चावेझकडे वळतात. माणूस दुसऱ्याला बोलू देत नाहीये, आणखी काय पुरावा हवा? त्यानंतर मी सगळ्यांची वाक्यं फळ्यावर लिहितो आणि फक्त क्रियापदांची शेपटं अधोरेखित करतो. तिथे चित्र फिरतं.

आधी भांडणाचं मूळ. एप्रिल २००२ मध्ये चावेझना सत्तेवरून हटवण्याचा प्रयत्न झाला. जेमतेम दोन दिवस ते पदावरून दूर होते, मग परत आले. तेव्हा स्पेनचे पंतप्रधान होते होसे मारिया अझनार, उजव्या पक्षाचे. अझनार यांच्या सरकारची त्या उठावाला साथ होती असं चावेझ कायम म्हणत आले. सांतियागोत त्यांनी अझनारना फॅसिस्ट म्हटलं, एकदा नाही, वारंवार. फॅसिस्टापेक्षा साप जास्त माणूस असतो, असंही म्हणून झालं. अझनार सभागृहात नव्हते. २००४ पासून ते सत्तेतही नव्हते. त्यांची बाजू घ्यायला उभे राहिले ते झापातेरो, म्हणजे त्यांना विरोध करतच सत्तेवर आलेले समाजवादी. घरातल्या भावाशी आपलं कितीही वाजलेलं असो, बाहेरच्यानं त्याला नाव ठेवलं की आपण बाह्या सरसावतोच. तसलंच काहीसं.

झापातेरोंचा सूर शांत होता. आपण वैचारिकदृष्ट्या अगदी दुसऱ्या टोकाला असू शकतो, अझनार यांच्या विचारांच्या जवळ जाणारा मी तर नव्हेच, पण त्यांना स्पेनच्या लोकांनी निवडून दिलं होतं, आणि म्हणून मी... इथे ते म्हणतात, "एक्सिखो". पुन्हा म्हणतात, "एक्सिखो". म्हणजे विनंती नव्हे, मागणीही नव्हे. बजावून सांगतो की मान राखला गेला पाहिजे. चावेझचं मध्येच चालू: "दीगाले". त्यालाही (म्हणजे अझनारला) सांगा की मान राख म्हणून. "दीगाले लो मिस्मो आ एल." हेच त्यालाही सांगा, प्रेसिदेन्ते.

आता शेपूट बघा. 'दीगाले' हे आदरार्थी रूप आहे. स्पॅनिशमध्ये 'तू'ला 'तू' म्हणतात (उच्चारही आपल्यासारखाच, आणि योगायोगानं नव्हे, दोन्ही शब्द एकाच दूरच्या पूर्वजाचे) आणि 'तुम्ही-आपण' यासाठी 'उस्तेद' आहे. एकेरीत चावेझ 'दीले' म्हणाले असते. ते म्हणाले 'दीगाले', शिवाय वर 'प्रेसिदेन्ते' हे संबोधन. झापातेरोंनीही चावेझना 'प्रेसिदेन्ते ऊगो चावेस' असं पूर्ण नाव घेऊन, उस्तेदनंच सुनावलं. बाचेलेतबाईंनी 'संवाद नको, वाक्य पूर्ण करा' म्हणून दोघांना आवरलं तेही उस्तेदमध्ये. आवाज चढलेले, एकमेकांच्या वाक्यावर वाक्यं आदळतायत, पण सगळे अहो-जाहोत.

सगळे, एक सोडून.

'पोर के नो ते कायास' मधला 'ते' आणि 'कायास'चा शेवटचा 'स' ही एकेरीची खूण. आदरानं म्हणायचं तर 'पोर के नो से काया' असं झालं असतं. फरक एकदोन अक्षरांचा, आपल्याकडे 'बसत नाहीस' आणि 'बसत नाही' यात आहे तेवढाच. म्हणजे ज्याच्यावर उद्धटपणाचा ठपका आहे तो उस्तेद म्हणतोय, आणि ज्यानं त्याला गप्प केलं म्हणून टाळ्या पडल्या तो एकेरीवर आलाय. हे शेपूट दाखवलं की वर्गात थोडा वेळ शांतता पसरते. मग कोणीतरी म्हणतंच, "पण सर, राजा आहे ना तो!"

मुद्दा तिथेच आहे. हुआन कार्लोस जवळजवळ सगळ्यांनाच एकेरीत बोलवत. बोर्बोन घराण्याची ती जुनी सवयच मानली जाते, आणि स्पेनमध्ये अनेकांना ती मोकळेपणाची वाटत असे. शिवाय लोकशाही आल्यापासून खुद्द स्पेनमध्येच 'तू'चा पसारा खूप वाढला. दुकानात, कार्यालयात, अनोळखी माणसाशीही तिथे 'तू' चालतो. त्यामुळे माद्रिदमध्ये ते वाक्य ऐकणाऱ्याला एक वैतागलेला वडीलधारा माणूस दिसला, पंगतीत बडबडणाऱ्या भाच्याला दटावणारा. त्या वेळी राजे एकोणसत्तर वर्षांचे, चावेझ त्रेपन्नचे.

अटलांटिकपलीकडे तेच वाक्य वेगळं वाजलं. लॅटिन अमेरिकेच्या मोठ्या भागात उस्तेदची पकड अजून घट्ट आहे. कोलंबियाच्या काही भागांत तर जवळची माणसंसुद्धा एकमेकांना उस्तेद म्हणतात. तिथे स्पेनचा राजा एका निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाला चारचौघांत 'तू' म्हणतो तेव्हा त्या 'तू'मागे तीनशे वर्षांची वसाहत उभी असते. चावेझनी नंतर हाच धागा बरोबर पकडला. मी ते वाक्य तेव्हा ऐकलंच नव्हतं, असं ते म्हणाले. राजाइतकाच मीही राष्ट्रप्रमुख आहे, फरक इतकाच की मी निवडून आलोय, हेही म्हणाले. आणि २००२ च्या उठावाची तुम्हाला कल्पना होती का, असा जाहीर प्रश्न त्यांनी राजांना टाकला, तो 'सेन्योर रेय' म्हणून, म्हणजे 'राजेसाहेब'. एकेरीला उत्तर बहुमानानं. हा डाव मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

कारण आपल्याकडे राग दोन्ही दिशांनी जातो. एक खाली: एकेरीवर येणे, अरे-तुरे करणे. (स्पॅनिशमध्ये यासाठी 'तुतेआर' असं स्वतंत्र क्रियापद आहे. 'अरेतुरे करणे'चा इतका नेमका जोडीदार मला दुसऱ्या भाषेत मिळालेला नाही.) आणि दुसरा वर: कार्टं तिसऱ्या हाकेलाही जेवायला उठलं नाही की आई म्हणते, "महाराज, आपण येताय का आम्ही ताट घेऊन यावं?" स्पॅनिश आयाही हेच करतात. एरवी 'तू' असलेली मुलगी, आई चिडली की 'सेन्योरिता', म्हणजे 'बाईसाहेब', होते आणि तिला उस्तेद लागतं. म्हणून आदरार्थी रूप दिसलं की आदर आहे असं समजू नये.

याचा सर्वांत विचित्र नमुना स्पेनच्याच इतिहासात आहे. २३ फेब्रुवारी १९८१ ला लेफ्टनंट कर्नल तेखेरो पिस्तूल घेऊन माद्रिदच्या संसदेत शिरला आणि खासदारांवर ओरडला, "से सियेन्तेन, कोन्यो!" शेवटचा शब्द शिवी आहे, भाषांतर करत नाही. पण 'से सियेन्तेन' हे आदरार्थी अनेकवचन, म्हणजे 'बसावं', आणि तेही व्याकरणात फसलेलं, कारण शुद्ध रूप 'सियेन्तेन्से' होतं. हातात पिस्तूल, तोंडात शिवी, क्रियापद अहो-जाहोतलं. तो उठाव फसला त्यात त्या रात्री दूरचित्रवाणीवरून बोललेल्या राजांचा वाटा मोठा होता, आणि तो राजा हाच, हुआन कार्लोस. पुढची पंचवीस वर्षं त्यांच्या शब्दाला स्पेनमध्ये जे वजन होतं ते त्या रात्रीचं. सांतियागोत त्यांनी ते एका वाक्यावर खर्च केलं.

आता इंग्रजी. दुसऱ्या दिवशी जगभरच्या इंग्रजी बातम्यांत हे वाक्य 'व्हाय डोन्ट यू शट अप' झालं, मथळ्यात तर नुसतं 'शट अप'. भाषांतर चूक म्हणता येत नाही, पण दोन गोष्टी हातातून निसटल्या. पहिली म्हणजे क्रियापद. 'कायार्से'चा पल्ला लांब आहे, 'शांत राहा'पासून 'गप्प बस'पर्यंत. खरोखर तोंड फोडायचं असतं तर स्पॅनिशकडे 'सिएर्रा ला बोका', 'सिएर्रा एल पिको' आहेत, म्हणजे तोंड मिट, चोच मिट. 'शट अप' मात्र थेट त्या खालच्या मजल्यावरचं. दुसरी गोष्ट 'तू'. इंग्रजीत तो उरलाच नाही. त्यामुळे इंग्रजी वाचकाला शब्द जास्त उद्धट वाटले आणि नातं कमी उद्धट. स्पॅनिश ऐकणाऱ्याला नेमकं उलट.

इंग्रजीला हा 'तू' एकेकाळी होता. १६०३ मध्ये इंग्लंडात विंचेस्टरला सर वॉल्टर रॅली या दरबारी दर्यावर्द्यावर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक त्याला साप म्हणाला आणि पुढे म्हणाला, "आय दाऊ दी, दाऊ ट्रेटर!" म्हणजे मी तुला एकेरीनं बोलतोय, गद्दारा, आणि मुद्दाम बोलतोय. 'दाऊ'चं चक्क क्रियापद केलंय. साप दोन्हीकडे, चारशे वर्षांच्या अंतरानं. हे मी वर्गात न विसरता सांगतो, परीक्षेला येत नाही तरी.

तो 'तू' गेल्यावर इंग्रजीनं त्याचं काम इतरांना वाटून दिलं. संबोधनं, पदव्या, आणि कधी एखादा फुटकळ शब्द. २९ सप्टेंबर २०२० ला क्लीव्हलँडमध्ये अध्यक्षपदाच्या वादफेरीत ट्रम्प सारखे मध्ये बोलत होते तेव्हा बायडेन म्हणाले, "विल यू शट अप, मॅन?" सांतियागोचंच वाक्य, तोच प्रश्नार्थक साचा, तेच कारण. इथे एकेरीचं काम कोण करतंय? 'मॅन'. तो काढून टाका, वाक्य कोरडं होतं. 'मॅन' आला की दोन म्हातारे चौकात उभे राहिलेले दिसतात. आपला 'अरे' तो: 'अरे, गप्प बसशील का?' गंमत अशी की तोच शब्द ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधान जुलिया गिलार्ड यांनी ९ ऑक्टोबर २०१२ ला संसदेत उलट कामाला लावला होता. स्त्रीद्वेषाबद्दल मी 'या माणसाचं' व्याख्यान ऐकून घेणार नाही, त्या म्हणाल्या, "बाय धिस मॅन." विरोधी पक्षनेते टोनी ॲबट समोरच बसलेले. नाव नाही, पद नाही, 'तुम्ही' नाही. नुसता 'मॅन' जवळ ओढतो, 'धिस मॅन' लांब ढकलतो. स्पॅनिशमध्ये हे काम 'एस्ते सेन्योर' करतो, आणि मराठीत 'हे गृहस्थ'. कुणाही मराठी माणसानं 'हे गृहस्थ' म्हणून सुरुवात केली की पुढे चांगलं काही येत नाही.

मग राजाचं वाक्य मराठीत कसं आणायचं? वर्गात याच्यावर दरवेळी तास जातो. 'तू गप्प का बसत नाहीस?' हे बरोबर आहे पण मेलेलं आहे, कारण स्पॅनिशमध्ये 'पोर के नो' हा साचा सूचनेसाठीही वापरतात. 'पोर के नो कोमेमोस?' म्हणजे 'जेवायचं का?' मराठीत 'का नाही' नं विचारलं की खरंच कारण विचारल्यासारखं होतं, समोरचा उत्तर देत बसेल. 'तोंड बंद कर' फार झालं, राजा इतकं खाली गेलेला नाही. 'गप्प बस ना जरा!' जवळ येतं, त्यात वैताग आहे. एकदा मागच्या बाकावरून उत्तर आलं, "गप्प बसायला काय घेशील?" वर्ग कोसळला. प्रश्नाचा साचा आला, एकेरी आली, वडीलकीचा तिरकसपणाही आला. माझ्या मते हे सगळ्यात चांगलं भाषांतर आहे. छापील बातमीत मात्र ते चालणार नाही, कारण त्यात राजा जरा पुणेरी होतो.

पण या धड्यात मला मुख्य काम असतं ते राजाशी नव्हे. त्यांचं वाक्य हा भडका होता. संताप पायरीपायरीनं कसा मांडायचा हे झापातेरोंकडून शिकावं, आणि तिथे व्याकरण लागतं. स्पॅनिशमध्ये 'मला चीड येते की' म्हटलं की पुढचं क्रियापद साध्या वर्तमानात ठेवता येत नाही. 'दीसे' म्हणजे तो म्हणतो. पण 'मे इंदिग्ना के दीगा एसो', तो असं म्हणतो याची मला चीड येते, इथे 'दीसे'चं 'दीगा' होतं. पाठ्यपुस्तकं याला भावनेनंतर येणारा संशयार्थ वगैरे म्हणतात आणि मुलं पाठ करतात, चुकतात. चुकणारच, कारण तर्काला ते पटत नाही. तो म्हणालाय हे तर घडलंय, मग घडलेल्या गोष्टीला न घडल्यासारखं रूप का?

इथे इंग्रजी फारशी मदत करत नाही. जुन्या वळणाच्या इंग्रजीत 'दॅट ही शुड से सच अ थिंग' असायचं, आता ते क्वचित ऐकू येतं. मदत मराठी करते. "त्यानं मला असं बोलावं?" "इतकं करून वर मलाच विचारावं!" तो बोललाय, विचारलंय, सगळं होऊन गेलंय. तरी आपण 'बोलला' म्हणत नाही, 'बोलावं' म्हणतो. जे झालंय ते झालं म्हणून स्वीकारायला जीभ तयार नाही. हे 'बोलावं' एकदा दाखवलं की 'दीगा' कुणाचा चुकत नाही. स्पॅनिश पुढे 'आ मी' लावते, 'के मे दीगास एसो आ मी!' 'तू हे मला म्हणावंस? मला?' दुसरा 'मला' भाषांतरात ठेवायचाच. तो फालतू वाटला तरी वाक्याचं सगळं वजन त्याच्यावर आहे.

बाकी नेहमीची वाक्यं पटकन जुळतात. 'पेरो उस्तेद क्येन से आ क्रेईदो के एस' म्हणजे 'स्वतःला समजता कोण तुम्ही?' आणि पाहा, उस्तेदनंच. 'नो आय देरेचो', शब्दशः 'हक्क नाही', पण अर्थ 'हा कुठला न्याय?' 'एस एल कोल्मो' म्हणजे 'कहर झाला'. इंग्रजी 'हाऊ डेअर यू' आलं की मुलं 'तुझी हिंमत कशी झाली' लिहितात, तो हिंदी सिनेमा. मराठीला 'काय बिशाद', 'तुझी ही प्राज्ञा', 'इथवर मजल गेली' असताना उसनवारी कशाला? आणि इंग्रजी अधिकाऱ्यांचा आवडता 'अनॲक्सेप्टेबल', तो स्पॅनिशमध्ये 'इनासेप्ताब्ले' म्हणून जसाच्या तसा जातो पण पाणचट लागतो. त्या जागी स्पॅनिश माणूस 'उना फाल्ता दे रेस्पेतो' म्हणतो, मान राखला गेला नाही. इंग्रजीत 'आय डिमांड रिस्पेक्ट' जरा रुसल्यासारखं ऐकू येतं. 'एक्सिखो रेस्पेतो' तसं वाजत नाही. झापातेरो दोनदा म्हणू शकले ते त्यामुळे.

त्यांनी शेवट केला तो असा: मान मिळवायचा आणि द्यायचा तर कमरेखालचं बोलणं टाळलं पाहिजे, विचारांना कडाडून विरोध करता येतो, वागण्याचा निषेधही करता येतो, तरी माणसाची बदनामी करावी लागत नाही. सभागृहात टाळ्या झाल्या. त्या भाषणातलं आज कुणाला काही आठवत नाही.

राजांचे पाच शब्द मात्र काही दिवसांत मोबाइलवर वाजायला लागले. सुमारे पाच लाख लोकांनी ती रिंगटोन उतरवून घेतली असा तेव्हाचा अंदाज होता. कप, टी-शर्ट निघाले. व्हेनेझुएलात चावेझच्या विरोधकांनी ती घोषणा केली, आणि तिथे त्या 'तू'चा अर्थ पुन्हा बदलला. राजा प्रजेला म्हणतो तो 'तू' वेगळा, प्रजा सत्ताधाऱ्याला म्हणते तो वेगळा. तेरा वर्षांनी बायडेनच्या वाक्याचेही टी-शर्ट निघाले, तेही त्याच रात्री, त्यांच्याच प्रचारयंत्रणेकडून.

परिषदेत त्या दिवशी प्रकरण तिथेच मिटलं नाही. पुढे निकाराग्वाचे दानिएल ओर्तेगा स्पेनच्या एका वीज कंपनीवर घसरले तेव्हा राजे उठून सभागृहाबाहेर गेले. न बोलता. संतापाचं तेही एक व्याकरण आहे, पण त्याची क्रियापदं शिकवता येत नाहीत.

जुलै २००८ मध्ये चावेझ स्पेनला आले. मायोर्का बेटावर पाल्माजवळच्या मारिव्हेंत राजवाड्यात राजांनी त्यांचं स्वागत केलं आणि ते वाक्य छापलेला एक टी-शर्ट गमतीनं भेट दिला. छायाचित्रकार ताटकळत होते. चावेझ राजांना म्हणाले, आपण समुद्रावर का जात नाही? वाक्याची सुरुवात तीच होती, 'पोर के नो'. फक्त क्रियापदाच्या शेपटीत आता 'तू' नव्हता, 'आपण' होतं.